कार्बोरेटरला शेवटी हात लावा: जुन्या सहा सिलिंडर पेट्रोल ट्रकचं टायमिंग आणि ट्यूनिंग

बॉनेट उघडलं की नजरेत भरते ती एअर क्लीनरची हंडी आणि तिच्याखालचा, हवेत पेट्रोल मिसळून देणारा कार्बोरेटर. प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या पलीकडच्या अंगाला, खाली, जिथे मान वाकडी केल्याशिवाय काही दिसत नाही. म्हणून गाडी मिसिंग करायला, म्हणजे ठोके चुकवायला, लागली की हात आपोआप कार्बोरेटरकडे जातो. माझाही गेला. दोन रविवार मी ठाण्यातल्या कोलशेतच्या शेडमध्ये तो काढला, धुतला, जेट फुंकले, परत बसवला. गाडी गार असताना छान चालायची आणि दहा मिनिटं तापली की सायलेन्सरमधून फटाके.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी लाइट गेली आणि दोष सापडला. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढलेली होती, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलची मधली वायर ब्लॉकला टेकवून ठेवली होती. पुतण्या केबिनमध्ये.

"काका, परत मारू का?"

"मार. फक्त स्टार्टर दाब, ॲक्सिलरेटरला पाय लावू नकोस."

अंधारात पॉइंटच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडमीट करणाऱ्या दोन टोकांच्या, मधोमध निळी-पांढरी ठिणगी नाचत होती, कोणी बारीक वेल्डिंग करतंय अशी. पॉइंटवर इतकी ठिणगी दिसली की समजायचं, ती शोषून घेणारा कंडेन्सर गेला. महिन्याभरापूर्वीच नवा म्हणून आणून बसवलेला होता. गार असताना काम करायचा, तापला की हात वर करायचा. कार्बोरेटरचा काडीचाही संबंध नव्हता.

त्या दिवसापासून मी एक क्रम ठरवला आणि तो मोडत नाही: आधी इंजिनाची तब्येत, मग ठिणगी, मग टायमिंग (ठिणगी नेमकी केव्हा पडते ते), आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. हा लेख त्याच क्रमाने आहे.

कोणत्या इंजिनाबद्दल बोलतोय

माझा ट्रक १९५१ चा शेवरोलेट. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला आणि १९५४ पर्यंत तो चालवला. ठाण्या-मुंबईच्या जुन्या शेडमध्ये आजही जे शेवरोलेट ट्रक सापडतात त्यांचं मूळ बऱ्याचदा तिथलं. इंजिन २१६ क्युबिक इंचांचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, सरळ ओळीत सहा सिलिंडर, व्हॉल्व्ह वर. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो. बॅटरी सहा व्होल्टची, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक चासीला).

तुमच्याकडे २३५ चं इंजिन, बेडफर्डचं पेट्रोल सिक्स किंवा जोंगाचं निस्सान इंजिन असेल तर पद्धत हीच, पण आकडे आपापल्या मॅन्युअलमधून घ्या. मी देतोय ते २१६ चे.

या इंजिनाची एक नाजूक बाजू आधी सांगतो, कारण पुढे टायमिंगच्या वेळी ती लागणार आहे. कनेक्टिंग रॉडला आजच्यासारखी सुटी बेअरिंग नाहीत, बॅबिटचा पांढरा धातू ओतलेला असतो. तेलही तिथे पंपाच्या पूर्ण प्रेशरने जात नाही. रॉडच्या टोकाला छोटी पळी असते, ती तेल उचलून घेते. इंजिन कष्टाळू आहे, पण बेअरिंगला ठोके बसलेले त्याला सोसत नाहीत.

आधी तब्येत बघा

गाडी सपाटीवर, चाकांना लाकडी ओट लावलेले, शेडचं शटर पूर्ण उघडं. बंद शेडमध्ये इंजिन चालवत बसू नका, धूर दिसत नाही म्हणून गॅस नसतो असं नाही. बाह्या दुमडलेल्या, गळ्यात काही लोंबतं नको, पंखा समोर उघडाच फिरत असतो.

इंजिन पूर्ण तापवा आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली फट, तपासा. इनटेक ०.००६ इंच, एक्झॉस्ट ०.०१३ इंच, गरम इंजिनावर. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकताना लोण्यातून सुरी जाते तसं नको आणि ओढून काढावं लागेल असंही नको, किंचित रखडत सरकलं पाहिजे. टॅपेटचा आवाज मेला म्हणून खूश होऊ नका. एक्झॉस्टचा टॅपेट टाइट असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, जळतो, आणि तो दोष तुम्ही पुढे महिनाभर कार्बोरेटरमध्ये शोधत राहता.

मग सहाही प्लग काढून कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने मोजा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकडा किती आला यापेक्षा सहा आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते महत्त्वाचं. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पंधरा-वीस टक्क्यांनी खाली असेल तर ट्यूनिंग इथेच थांबवा. शेजारशेजारचे दोन खाली असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

बॅटरीच्या वायरींकडेही बघा. सहा व्होल्टला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, त्यामुळे केबल जाड हवी, अंगठ्याएवढी दिसली पाहिजे. मधल्या काळात कोणीतरी हाताशी होती ती कारची बारीक केबल लावून दिलेली असते. स्टार्टर कण्हत फिरतो, त्या वेळी कॉइलला व्होल्टेजच उरत नाही, आणि गाडी "चोक घेत नाही" अशी बदनाम होते. बॅटरीपासून चासीला आणि चासीपासून इंजिनाला गेलेली अर्थची पट्टी सोडवून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळा. पाच मिनिटांचं काम आहे.

ठिणगी

प्लगचा गॅप ०.०३५ इंच. पॉइंटचा गॅप नव्या पॉइंटला ०.०१८, वापरलेल्याला ०.०१६ इंच. पॉइंटचा फायबरचा तुकडा कॅमच्या टोकावर चढलेला असतानाच हा गॅप मोजायचा. हँडलने किंवा प्लग काढलेले असताना पंख्याचा पट्टा दाबून पंख्याने इंजिन फिरवा आणि नेमकं टोक गाठा. जुन्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार झालेला असेल तर फिलर गेज तुम्हाला फसवतं. ते उंचवट्यावर टेकतं आणि खरा गॅप जास्त असतो. अशा वेळी ड्वेल मीटर (पॉइंट किती वेळ मिटलेले राहतात ते मोजणारा) बरा, नाहीतर सरळ नवे पॉइंट.

नव्या पॉइंटवर गंजू नये म्हणून तेलकट थर असतो. तो पुसून घ्या, नाहीतर ठिणगीच येत नाही आणि तुम्ही नव्या पॉइंटवर संशयही घेत नाही. कॅमवर ग्रीस लावायचं ते गव्हाच्या दाण्याएवढं. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर जातं.

कंडेन्सर मल्टिमीटरवर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास दाखवायला हवा. आता माझ्या अनुभवाने एक सांगतो: जुना, मूळ कंपनीचा कंडेन्सर चालत असेल तर केवळ "सर्व्हिसिंग करतोय" म्हणून तो बदलू नका. बाजारातला नवा कोणत्या मालाचा निघेल सांगता येत नाही. दोन नवे आणा, दोन्ही तपासा आणि एक डिकीत ठेवा. ट्रकला डिकी नसते, तर सीटखाली.

कोणी गाडी बारा व्होल्टवर नेली असेल तर कॉइल बघा. सहा व्होल्टची कॉइल रेझिस्टरशिवाय बारा व्होल्टवर जोडलेली असेल तर पॉइंट महिन्याभरात जळतात.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर खाडीकाठची हवा इतकी ओली असते की रात्रभर उभ्या गाडीच्या कॅपमध्ये आतून दंव धरतं. सकाळी गाडी लागत नाही. कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि उजेडात नीट बघा. दोन खुंट्यांच्या मधे पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर ती चीर आहे किंवा ठिणगीने पाडलेली वाट. पुसून जात नाही. कॅप बदला.

टायमिंग: गाडी बंद असताना

या इंजिनाचं टायमिंग पुढच्या पुलीवर नसतं. बेल हाउसिंगला स्टार्टरजवळ एक खिडकी आहे, तिच्यातून फ्लायव्हील दिसतं. फ्लायव्हीलमध्ये एक पोलादी गोळी ठोकून बसवलेली असते, सायकलच्या छर्‍याएवढी. ही गोळी खिडकीतल्या काट्यासमोर आली की पहिला पिस्टन टॉपच्या, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या जागेच्या, ५ अंश आधी आहे. तिच्याजवळच 'यूसी' अशी खूण असते, ती म्हणजे बरोबर टॉप. सत्तर वर्षांच्या तेलमातीखाली गोळी दिसणार नाही. फडकं डिझेलमध्ये बुडवून फ्लायव्हीलचा काठ हळूहळू फिरवत पुसा आणि सापडली की तिच्यावर पांढऱ्या नेलपेंटचा ठिपका द्या. बायकोचं नेलपेंट न विचारता घेऊ नये, हेही इथेच नोंदवतो.

आता पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून ठेवा आणि दुसऱ्याला हँडल फिरवायला सांगा. अंगठा आतून ढकलला जायला लागला की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक चालू झाला. गोळी काट्यासमोर येईपर्यंत हळू फिरवा. जास्त पुढे गेलात तर तेवढंच मागे आणून थांबू नका. गिअरांतला ढिलेपणा टायमिंगमध्ये शिरतो. बरंच मागे नेऊन पुन्हा पुढे आणा.

अंगठ्याची पायरी टाळणारे पुष्कळ भेटतात. गोळी तर दोन फेऱ्यांत दोनदा दिसते, एकदा पहिल्या सिलिंडरच्या वेळी आणि एकदा सहाव्याच्या. चुकीच्या वेळी धरलीत तर टायमिंग बरोबर अर्ध्या चक्राने उलटं आणि कार्बोरेटरमधून ज्वाळा.

डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी एक छोटी पट्टी आहे, तिच्यावर मधे शून्य आणि दोन्हीकडे दहापर्यंत रेघा. हा ऑक्टेन सिलेक्टर. तो शून्यावर आणा. याच्या असण्यातच एक इतिहास आहे: प्रत्येक गावचं पेट्रोल वेगळ्या दर्जाचं मिळायचं, म्हणून ड्रायव्हरने पाना न शोधता टायमिंग पुढे-मागे करावं अशी ही सोय.

एक सहा व्होल्टचा बल्ब घ्या. एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरी ब्लॉकला. इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून त्याचं अंग आधी घड्याळाच्या दिशेने वळवा, बल्ब विझेल. मग अगदी सावकाश उलट दिशेने आणा. बल्ब ज्या क्षणी पेटतो तिथे थांबा आणि आवळा. आवळताना अंग हलतं, म्हणून परत एकदा तपासा. मी तीनदा तपासतो.

काम झालं की इग्निशन बंद करा. बोलत बसलात आणि पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापून जाते.

डिस्ट्रिब्युटर पूर्ण बाहेर काढला असेल तर तो परत खाली बसलाय ना ते बघा. त्याच्या टोकाची पट्टी ऑइल पंपाच्या खाचेत शिरते. अर्धा सेंटिमीटर वर राहिला तर टायमिंग नंतरची गोष्ट, तेलच फिरणार नाही.

टायमिंग: गाडी चालू असताना

आता टायमिंग लाइट, पहिल्या प्लगच्या प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा. आजचे बहुतेक लाइट बारा व्होल्टचे, तुमच्या सहा व्होल्टच्या बॅटरीवर ते मिणमिणतात किंवा लागतच नाहीत. शेजारी एखादी बाइकची किंवा कारची बॅटरी ठेवा, लाइटचे दोन चिमटे तिला आणि फक्त पिकअपचा चिमटा ट्रकच्या पहिल्या प्लगच्या वायरला. अर्थ जोडायची गरज नाही. मी हे कळेपर्यंत चांगला चालता लाइट बिघडलेला समजून परत केला होता.

डिस्ट्रिब्युटरच्या डब्याला येणारी व्हॅक्यूमची बारीक नळी काढा, तिचं तोंड टेपने बंद करा. इंजिन ४५० ते ५०० फेऱ्यांवर. जास्त असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनं उघडायला लागतात आणि तुम्ही वेगळंच टायमिंग मोजता. नेलपेंटचा ठिपका काट्यासमोर स्थिर उभा दिसला पाहिजे. इकडे-तिकडे नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरचं बुश झिजलंय. त्यावर स्क्रू फिरवून उपाय नाही.

नळी परत लावून हाताने हलकेच रेस द्या आणि डिस्ट्रिब्युटरकडे बघा. या शेवरोलेटमध्ये व्हॅक्यूमचा डबा आतली प्लेट फिरवत नाही, डिस्ट्रिब्युटरचं सगळं अंगच फिरवतो. म्हणजे ते ब्लॉकमध्ये मोकळं फिरलं पाहिजे. रंग, गंज आणि जुनं ग्रीस यांनी ते चिकटलेलं असतं, किंवा कोणीतरी "हलतंय" म्हणून करकचून आवळलेलं असतं. मग व्हॅक्यूम ॲडव्हान्स (व्हॅक्यूमने टायमिंग पुढे नेण्याची सोय) नावालाच उरतो आणि सरळ रस्त्यावर गाडी पेट्रोल पिते.

इथे व्हॅक्यूम गेज हाताशी असेल तर सोनं. वायपर व्हॅक्यूमवर चालतात, त्यांची नळी मॅनिफोल्डवरून येते. ती काढून तिथे गेज लावा. ठाणे समुद्रसपाटीलाच, त्यामुळे उंचीची वजाबाकी करावी लागत नाही. निरोगी इंजिन आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं, काटा स्थिर. चौदा-पंधरावर स्थिर असेल तर टायमिंग मागे आहे. दहाच्याही खाली असेल तर कुठूनतरी हवा शिरतेय. काटा ठरावीक अंतराने टुचकन खाली येत असेल तर एखादा व्हॉल्व्ह. संथपणे दोन-तीन इंच वर-खाली तरंगत असेल तर मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण), आणि ते आपण शेवटी बघणार आहोत.

कानावर विसंबू नका

जुने मिस्त्री टायमिंग कानाने करायचे. गाडी चढाला लावायची, नॉकिंग (सिलिंडरमधला खडखडाट) ऐकू येईपर्यंत टायमिंग पुढे न्यायचं आणि मग चिमूटभर मागे. मी लहानपणापासून हे बघत आलोय आणि त्या काळी ते बरोबरच होतं. आज ते या इंजिनाला घातक आहे.

कारण पेट्रोल बदललं. हे इंजिन बनलं तेव्हाचं पेट्रोल आजच्यापेक्षा पुष्कळ कमी ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंग रोखायची ताकद कमी असलेलं होतं, आणि इंजिनाचं कॉम्प्रेशन त्या पेट्रोलच्या बेताने साडेसहाच्या आसपास ठेवलेलं. आज पंपावर साधं म्हणून मिळतं तेही त्याच्या गरजेपेक्षा फार वरचं, आणि इथेनॉलने ऑक्टेन आणखी वाढतं. त्यामुळे टायमिंग दहा-बारा अंश जादा पुढे गेलं तरी नॉकिंग ऐकूच येत नाही. कान म्हणतो सगळं ठीक आहे. आत मात्र पिस्टन अजून वर चढत असतानाच जाळ त्याला खाली ढकलतो आणि तो मार थेट त्या बॅबिटच्या बेअरिंगवर बसतो.

म्हणून माझा नियम: गोळी हे घर. ऑक्टेन सिलेक्टरने गोळीपासून पुढे न्यायचंच असेल तर दोन-तीन अंश, आणि तेही गेज बघत. प्रत्येक अंशाला काटा वर चढत असेल तर पुढे जा. काटा वाढायचा थांबला की अर्धा-एक इंच खाली येईपर्यंत मागे या. गरम इंजिन स्टार्टरला उलटा झटका देत असेल, पायाचा स्टार्टर दाबल्यावर "घुं" करून अडखळत असेल, तर टायमिंग जादा पुढे आहे, मग गेज काहीही म्हणो.

आता कार्बोरेटर

माझ्या ट्रकवर रोचेस्टर बी आहे, एका तोंडाचा. त्याआधीच्या गाड्यांवर कार्टर डब्ल्यू-वन. ठिणगी आणि टायमिंग नीट असेल तर कार्बोरेटर उघडायची वेळ बऱ्याचदा येतच नाही. आधी उघडण्याआधीच्या तपासण्या करा.

इंजिन बंद, एअर क्लीनर काढलेला, टॉर्चने तोंडात बघा आणि थ्रॉटल झटक्यात उघडा. पेट्रोलची धार ताबडतोब, सरळ आणि भरीव आली पाहिजे. उशिरा आली किंवा नुसती लाळ गळली तर ॲक्सिलरेटर पंपाचं चामडं वाळलंय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर मरते आणि मग उचलते, ते यामुळे. चामडं हलक्या मशीन ऑइलमध्ये रात्रभर भिजवून ठेवा, पुष्कळदा तेवढ्यानेच जिवंत होतं.

थ्रॉटलचा दांडा बोटांनी वर-खाली हलवून बघा. कटकट हलत असेल तर तिथून हवा शिरते आणि आयडल कधीच स्थिर होणार नाही. कोणत्याही स्क्रूने ते भरून निघत नाही. वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीत छोटे लेथवाले आहेत, पितळेचं बुश करून बसवून देतात. दांडा आणि बॉडी दोन्ही घेऊन जा, नुसतं माप सांगू नका.

गॅस्केटमधून हवा शिरतेय का ते बघायला साबणाचं पाणी फवारा. पेट्रोल किंवा स्प्रे नको. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कार्बोरेटरच्या बरोबर खाली आहे. पाणी मारल्यावर इंजिनाचा सूर बदलला तर गळती तिथेच. अग्निशामक सिलिंडर मात्र हाताशी हवाच, पाणी असो वा नसो.

उघडलाच तर रोचेस्टरचं झाकण हमखास वाकलेलं सापडतं, कारण वर्षानुवर्षं कोपऱ्याचे स्क्रू ताकदीने आवळलेले असतात. पोलादी पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरा. मधे फट दिसली तर काचेवर पॉलिश पेपर पसरून झाकण आठच्या आकड्यासारखं हळूहळू घासा. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवा. बुडबुडा आला तर भोक आहे. फ्लोटची उंची तुमच्या रिपेअर किटच्या कागदावर जी दिली असेल तीच ठेवा, "थोडं वर घेतलं की पिकअप येतो" हे ऐकू नका. पॉवर पिस्टन (लोडवर जादा पेट्रोल सोडणारा) बोटाने दाबून सोडला की अडखळता कामा नये. तो खाली अडकला तर गाडी सतत जादा पेट्रोल घेते, प्लग काजळतात, आणि सायलेन्सरमागे उभ्या माणसाचे डोळे चुरचुरतात.

आयडलचं मिक्स्चर आता करा. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा, हँड थ्रॉटल आत. मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत आत, ताकद लावली तर सुईच्या टोकाला चर पडतो, आणि मग दीड फेरी बाहेर. इथून इंजिन चालू करून पाव-पाव फेरी. आपल्याकडे याला सरसकट एअर स्क्रू म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. पुष्कळ बाइकच्या कार्बोरेटरला खरंच हवेचा स्क्रू असतो, बाहेर काढला की मिक्स्चर पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, होतं. या रोचेस्टरचा उलटा आहे. बाहेर म्हणजे जाड, आत म्हणजे पातळ. बाइकवर हात बसलेला पोरगा हमखास उलटीकडे जातो.

आत घेत जा, इंजिन अडखळायला लागेल. बाहेर घेत जा, लंगडत जड चालायला लागेल. या दोघांच्या मधे गेजचा काटा जिथे सगळ्यात वर आणि स्थिर, तिथे थांबा, आणि मग किंचित, आठवा भाग फेरी, बाहेर. स्पीडचा स्क्रू ४५० ते ५०० वर आणा. स्पीड बदलला की मिक्स्चर पुन्हा एकदा. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही एकमेकांशी जमवून घेतात. स्क्रू आत-बाहेर करून इंजिनाला काहीच फरक पडत नसेल तर आयडलची वाट तुंबलेली आहे किंवा थ्रॉटल इतका उघडा आहे की इंजिन आयडलवर नाहीच.

ई-ट्वेंटी आणि आपली गर्मी

पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. ऑक्टेनचा फायदा या इंजिनाला शून्य, पण मिक्स्चरवर परिणाम खरा आहे. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉलवाल्याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आठ टक्क्यांच्या आसपास पातळ चालते. आयडलला स्क्रूने भरपाई होते. चढाला आणि लोडवर होत नाही, तिथे मेन जेटच मोठा लागतो. जेटमधून जाणारं पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणून आठ टक्के जास्त पेट्रोलला व्यास चार टक्के वाढवला की पुरतो. रोचेस्टरच्या जेटवरचा आकडा इंचाच्या हजाराव्या भागात असतो. समजा ५६ नंबर असेल तर ५८ बघायचा. ड्रिलने भोक मोठं करू नका, मूळ जेट परत मिळत नाही.

रबरी पाइप इथेनॉलला टिकणारा घ्या, पेट्रोल पंपाचा पडदा आणि सुईचं टोकही. आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर पावसाळ्याआधी टाकी एकतर काठोकाठ भरा नाहीतर पूर्ण रिकामी करा. अर्धी टाकी ओल खेचते, इथेनॉल पाणी धरतं, आणि एका हद्दीनंतर दोघं मिळून तळाशी जाऊन बसतात.

मॅनिफोल्डच्या मधे गरम हवेची एक झडप असते, थंड देशात पेट्रोल लवकर उडावं म्हणून. तिची स्प्रिंग गंजून झडप गरम बाजूला अडकली की माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये कार्बोरेटरच्या बाऊलमधलं पेट्रोल उकळतं, गाडी बंद पडते आणि अर्धा तास पुन्हा स्टार्ट होत नाही. हाताने फिरवून मोकळी करा. कार्बोरेटरखालचं जाड इन्सुलेटर गॅस्केट कोणी काढून टाकलेलं नाही ना, तेही बघा.

रस्त्यावर

रविवारी पहाटे सहाला निघायचं, घोडबंदर रोडने गायमुखकडे. नंतर तिथल्या ट्रॅफिकमध्ये ट्यूनिंग नाही, फक्त क्लच तपासता येतो. गायमुखच्या चढाला एक गिअर वरचाच ठेवून पाय दाबा. मरगळ आली, पण धूर नाही आणि पाय थोडा मागे घेतल्यावर बरं वाटलं, तर मेन जेट पातळ. काळा धूर आला तर जाड. मधेच एकेक ठोका चुकत असेल तर पुन्हा ठिणगीकडे या, कार्बोरेटर असा ठोके मोजून चुकत नाही.

चढाच्या शेवटी क्लच दाबून लगेच इग्निशन बंद, गाडी वेग आहे तोवरच कडेला, आणि प्लग काढा. हातमोजे घाला. बिस्किटाचा रंग चांगला, पण इथेनॉलवर तो जरा फिकटच दिसतो, त्यामुळे पांढरट बघून घाबरू नका. खडूसारखा पांढराफेक आणि इलेक्ट्रोडच्या कडा गोलावलेल्या असतील तर घाबरा. एकच प्लग काळा आणि पाच चांगले असतील तर दोष त्या सिलिंडरचा, सगळ्यांना सारखंच पेट्रोल पाठवणाऱ्या कार्बोरेटरचा नाही.

सगळे आकडे मी मास्किंग टेपवर लिहून केबिनच्या कप्प्यात आतून चिकटवतो: पॉइंटचा गॅप, टायमिंग, मिक्स्चरच्या फेऱ्या, गेजचा आकडा, तारीख. कारण नव्या पॉइंटचा फायबर पहिल्या काहीशे किलोमीटरांत घासून बसतो, गॅप कमी होतो, आणि गॅप कमी झाला की टायमिंग आपोआप मागे सरकतं. गाडी जरा सुस्त वाटायला लागते. तेव्हा स्क्रू ड्रायव्हर ठेवा आणि फिलर गेज काढा.